बर्गनचा मृग

१२ जून, फ्लोम

दुपारी नॉर्वेतल्या लार्डालच्या बोगद्यातून आलो. साडेचोवीस किलोमीटर लांब. २००० साली खुला झाला. एवढा वेळ काळोखात गाडी हाकताना चालकाला झापड येऊ नये म्हणून आत तीन ठिकाणी बोगदा ऐसपैस करून निळा उजेड सोडला आहे. आमचा चालक टक्क जागा होता. झापड आली ती मागच्या मंडळींना, कारण दुपारचं जेवण अंगावर आलं होतं. टूर मॅनेजरने माइकवरून "निळा उजेड, मंडळी, निळा उजेड" असा पुकारा केला तेव्हा अर्धी गाडी दचकून उठली आणि सगळ्यांनी काचेचे फोटो काढले.

संध्याकाळी फ्लोमची रेल्वे. मिर्डालपासून खाली वीस किलोमीटरांत ही गाडी साडेआठशेहून अधिक मीटर उतरते. वाटेत क्योसफॉसेन धबधब्यापाशी थांबते, सगळे फलाटावर उतरतात आणि वर खडकावर लाल झग्यातली एक मुलगी गाण्याच्या तालावर हात हलवत प्रकट होते. ही लोककथेतली हुल्द्रा, पुरुषांना भुलवून रानात नेणारी. आमच्यातलं कोणी गेलं नाही. टूर मॅनेजर डब्याच्या दारात उभा राहून डोकी मोजत होता.

परतताना काचेवर पहिले थेंब.

सीट रोटेशनमुळे आज आमच्या मागच्या बाकावर वर्ध्याचे काका आले. एकटेच आहेत. लेकीने बुकिंग करून दिलं, म्हणाले. "आरोग्य खात्यात होतो" असं त्यांच्या तोंडून निघताच पुण्याच्या काकूंनी पर्समधून गोळ्यांची डबी काढली. काका हात जोडून म्हणाले, "डॉक्टर नाही जी मी. गावोगाव फिरणारा माणूस."

उद्याचं सहा-सात-आठ. सहाला उठायचं, सातला नाश्ता, आठला गाडीत. सहलीला आलेला मराठी माणूस घड्याळाला जितका भितो तितका नोकरीत असताना भीत नसावा.

१३ जून, बर्गन, रात्री

नॅरॉयफ्योर्डची बोट, मग वॉस, मग इथे. फ्योर्डमध्ये ढग पाण्याला टेकायला आले होते. कडे मधूनच दिसत, मधूनच पुसले जात. यांनी कॅमेऱ्यात एकाच ढगाची पन्नासेक छायाचित्रं जमवली आहेत.

वॉसला गाडी पाऊण तास थांबली. काहींची कुरकुर, की पाऊस वाढायच्या आत बर्गन का गाठत नाही. पण इथे साडेचार तास गाडी चालवली की चालकाने पाऊण तास विश्रांती घ्यायचीच असा कायदा आहे. दिवसाला नऊ तासांची मर्यादा, आणि गाडीतलं यंत्र सगळं टिपून ठेवतं. आमचा लिथुआनियाचा चालक शांतपणे सफरचंद खात बसला. आपल्याकडे रात्रभर गाडी हाणून पहाटे देवदर्शन घडवणाऱ्या ड्रायव्हरांची आठवण झाली. त्यांना हे पाऊण तास कोण देणार?

जेवायला भारतीय हॉटेल. पनीर, डाळ, जिरा राईस. अकरा वाजले तरी बाहेर उजेड आहे आणि त्या उजेडात बारीक, एकसुरी पाऊस. रत्नागिरीहून धाकटीचा निरोप: तिकडे मृग धो धो बरसतोय. आमच्या सांगलीत मात्र टिपूस नाही.

१४ जून, बर्गन

(सकाळी, गाडीत बसून)

रात्रभर पडला. आताही पडतोय. नाश्त्याला टूर मॅनेजरने इथला ठरलेला विनोद सांगून टाकला: पर्यटक एका पोराला विचारतो, बाळा, इथे पाऊस कधी थांबतो? पोरगा म्हणतो, मला काय ठाऊक, मी बाराच वर्षांचा आहे. मग साडेआठला स्थानिक गाइडबाई गाडीत चढल्या आणि त्यांनीही पहिल्यांदा तोच सांगितला. सगळे पुन्हा हसले. आपली माणसं पाहुण्यांशी फार सभ्यपणे वागतात.

विनोद जुना असला तरी निराधार नाही. २९ ऑक्टोबर २००६ पासून २१ जानेवारी २००७ पर्यंत या गावात सलग ८५ दिवस पाऊस पडला. शाळेत मी प्रतिरोध पर्जन्य शिकवताना फळ्यावर एक डोंगर काढायचे, एका बाजूला समुद्र, बाणांनी वारा. तोच फळा इथे प्रत्यक्षात आहे. नैर्ऋत्येकडचा वारा उत्तर अटलांटिकवरून बाष्प आणतो, बर्गनभोवतीच्या सात डोंगरांना अडून वर चढतो, गारठतो आणि सगळं ओझं गावाच्या डोक्यावर टाकून मोकळा होतो. आपल्याकडे सह्याद्री हेच करतो, आणि वाराही नैर्ऋत्येचाच. फरक आहे तो वाटपाचा. मुंबईचा आणि बर्गनचा वर्षाचा पाऊस जवळपास सारखा, सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास. मुंबई तो चार महिन्यांत उरकते, बर्गन बारा महिने पुरवून पुरवून वापरतं. आणि गाइडबाई म्हणतात, मे-जून हे त्यातल्या त्यात कोरडे महिने!

(दुपारी, कॉफीच्या दुकानात)

कंपनीने सगळ्यांना सारख्या नारिंगी छत्र्या दिल्या आहेत. हेतू हा, की गर्दीत आपली माणसं ओळखू यावीत. झालं उलटंच. छत्रीखाली कोण आहे ते दिसत नाही, त्यामुळे सगळेच आपले वाटतात आणि कोणाशी काय बोललो याचा पत्ता लागत नाही. बंदराच्या धक्क्यावर वाऱ्याचा एक झोत आला आणि सात-आठ छत्र्या एकदम उलट्या झाल्या. गावातल्या लोकांच्या हातात छत्री जवळजवळ नाहीच. डोक्याला टोपी असलेलं पावसाळी जाकीट, खाली तशीच विजार, आणि चालणं नेहमीच्या वेगाचं. कोपऱ्याकोपऱ्यावरच्या कचरापेट्यांमधून मात्र मोडक्या छत्र्यांच्या काड्या बाहेर डोकावत होत्या. त्या सगळ्या आमच्यासारख्यांच्या असणार.

ब्रिग्गेन म्हणजे बर्गनचा जुना धक्का. लाल, पिवळ्या, पांढऱ्या लाकडी घरांची ती रांग प्रत्येक कॅलेंडरवर असते. १९७९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. समोरून फोटो काढून लोक पुढे सरकतात. खरी गंमत मागे आहे. दर्शनी घरांच्या मधल्या अरुंद बोळांत शिरलं की दोन्ही बाजूंना लाकडी वखारी लांबवर आत गेलेल्या, वरच्या मजल्यांचे सज्जे डोक्यावर झुकलेले, पायाखाली फळ्या. सरळ भिंत एकही नाही. कुठे दार एका बाजूला कललंय, कुठे खिडकी. पावसाने फळ्या शेवाळल्यासारख्या निसरड्या झाल्या होत्या, आणि त्यात समोरून जहाजावरून उतरलेला दुसरा मोठा ग्रुप आला. दोन छत्र्या शेजारी शेजारी मावत नाहीत अशा बोळात दोन देशांचे ग्रुप समोरासमोर आल्यावर काय होतं ते पाहण्यासारखं असतं. शेवटी त्यांनी छत्र्या मिटल्या, आम्ही उंच धरल्या, आणि सगळं पाणी त्यांच्या मानेवर.

इथे १३६० च्या सुमारास हान्से संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांनी ठाणं मांडलं आणि जवळजवळ चार शतकं चालवलं. धंदा सुक्या कॉडचा. उत्तरेकडून, लोफोटेनहून मासा यायचा, त्या बदल्यात बाल्टिककडचं धान्य जायचं. मीठ न लावता केवळ थंड वाऱ्यावर लाकडासारखा कडक वाळवलेला हा मासा वर्षानुवर्षं टिकतो. गाइडबाईंनी एक हातात दिला. चिपळूणच्या ताईंनी तो नाकाजवळ नेला, उलटा करून पाहिला आणि निकाल दिला, "वास सुकटाचा, पण वजन नाही हो त्याला. आमचा बोंबील बरा." व्यापाऱ्यांना इथे बायका करायला मनाई होती. लाकडी वखारीत विस्तव पेटवायलाही बंदी, हिवाळ्यातसुद्धा. ऊब हवी असेल, गरम अन्न हवं असेल, तर मागच्या बाजूला वेगळ्या बांधलेल्या सामायिक खोल्यांत जायचं. इतकी काळजी घेऊनही गाव जळतच राहिलं. १७०२ च्या आगीत सगळं गेलं. आत्ता दिसतं ते त्यानंतर जुन्याच आराखड्यावर उभं केलेलं.

१९५५ साली पुन्हा आग लागली आणि काही भाग जळाला. त्या राखेखाली खोदताना मध्ययुगीन बर्गन हाती लागलं, त्यात सहाशेहून अधिक रून लिपीतले लेख. बहुतेक लाकडाच्या काटक्यांवर चाकूने कोरलेले. तोवर विद्वानांची समजूत, की रून म्हणजे फार तर नावं आणि गंभीर वचनं. इथे निघाल्या मालाच्या चिठ्ठ्या, मालकाच्या नावाच्या पट्ट्या, उधारीच्या गोष्टी, प्रेमाच्या गोष्टी. एका काटकीवर गिदा नावाच्या बाईने नवऱ्याला घरी ये म्हणून कळवलं आहे. मागच्या बाजूला काहीतरी उत्तर खरडलंय, पण ते कोणाला लागत नाही. गुत्त्यात बसलेल्या माणसाचं असावं असा तर्क आहे. हे सांगून होताच आमच्या ग्रुपमधल्या सगळ्या बायकांनी आपापल्या नवऱ्यांकडे पाहिलं. आठशे वर्षांपूर्वीची काटकी, पण तिचा रोख चुकला नाही.

पावसाची एक गोष्ट मला इथेच कळली आणि ती दिवसभर डोक्यात राहिली. ही घरं खचत होती. कारण जमिनीखालचं पाणी. शेजारच्या नव्या बांधकामामुळे ते उपसलं गेलं, पातळी खाली गेली, आणि शतकानुशतकं पाण्यात बुडून राहिल्यामुळे न कुजलेले लाकडी पाये आणि त्यांच्याखालचे कित्येक मीटरचे थर हवेच्या संपर्कात येऊन कुजायला लागले. उपाय काय केला, तर पावसाचं पाणी गटारात न सोडता घरांच्या मागच्या बाजूला चर आणि बागा करून जमिनीत मुरवलं. म्हणजे ज्या पावसाच्या नावाने आम्ही सकाळपासून बोटं मोडतोय त्याच्याच जिवावर ब्रिग्गेन उभं आहे. मी हे उत्साहाने यांना सांगितलं. हे म्हणाले, "मुरलंय. बुटात."

बाहेर पडताना पाळणाघराची मुलं भेटली. तीन-चार वर्षांची, डोक्यापासून पायापर्यंत रबरी पोशाखात, वरून चमकणारी जाकिटं, पुढे एक बाई, मागे एक बाई. त्यांची बाई डोकी मोजत होती, आमचा टूर मॅनेजर डोकी मोजत होता. दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. फरक एवढाच, की त्यांच्यातला एक पोरगा मुद्दाम डबक्यात बसला तरी कोणी ओरडलं नाही.

फ्लोयेनचा डोंगर तिकीट आधीच काढलेलं म्हणून केला. १९१८ पासून चालणारी दोरीवरची रेल्वे, सहा-सात मिनिटांत तीनशे वीस मीटर उंचीवर. वर पोहोचलो तो पांढरंफटक. बंदर नाही, बेटं नाहीत, खाली गाव आहे यावर विश्वास ठेवायचा. धुक्यातून लांब केसांच्या पांढऱ्या शेळ्या चालत आल्या आणि पुण्याच्या काकूंच्या पिशवीला तोंड लावायला लागल्या. त्यात खाकरा होता. सहलपत्रिकेत फ्लोयेनवरून दिसणारं "विहंगम दृश्य" ठळक अक्षरांत छापलंय. शेळ्यांचा उल्लेख नाही.

(संध्याकाळी)

खाली आल्यावर टूर मॅनेजरने दोन तासांचा मोकळा वेळ जाहीर केला. मासळी बाजारातले भाव बघून मंडळी पांगली. बहुतेकांचं चित्त लोकरी टोप्यांत. वर्ध्याचे काका एका बाजूला घड्याळ बघत उभे होते. मला म्हणाले, "बाई, सेंट यॉर्गेनचा दवाखाना इथून किती लांब पडतो? तुम्हाला नकाशा येतो म्हणून विचारलं."

तेव्हा कळलं. ते कुष्ठरोग नियंत्रणात होते. निवृत्त होईपर्यंत वर्धा आणि चंद्रपूरच्या खेड्यांत सर्वेक्षण. लेकीने युरोप दाखवते म्हटल्यावर त्यांनी स्विस-पॅरिस नको, बर्गन जिच्यात आहे ती सहल बघ, असं सांगितलं होतं. इतके दिवस ते हे कोणाला बोलले नाहीत. पुण्याच्या काकूंना आम्ही कुठे निघालो ते समजलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सहलीला येऊन महारोग काय बघायचा?" काका हसले. "असंच म्हणतात जी," म्हणाले. हे कॉफीच्या दुकानात मोजे वाळवत बसले.

कॉंग ऑस्कर्स गाटे नावाच्या रस्त्याने दहा मिनिटं चाललो. पावसाची रिपरिप चालू होती. दार साधं, आत अंगण, मग लाकडी इमारत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कुष्ठरोग्यांची सगळ्यात दाट वस्ती युरोपात जर कुठे असेल तर ती या गावात होती. तीन-तीन दवाखाने. पश्चिम किनाऱ्यावरचे कोळी-शेतकरी, ओली घरं, अपुरं अन्न. ज्या देशाच्या श्रीमंतीची आम्ही दोन दिवस वाखाणणी करतोय तो तेव्हा असा होता.

मधोमध दुमजली दालन. दोन्ही बाजूंना ओळीने खोल्या, वर लाकडी कठडा आणि पुन्हा खोल्या. एकेका खोलीत दोघं. एका खोलीत मी शिरले आणि हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागायला थोडंच राहिलं. उंबरे मधोमध झिजून खोलगट झालेत. स्वयंपाकघरात प्रत्येकाचं आपलं वेगळं कपाट. १८१६ साली इथल्याच पाद्र्याने, वेल्हावेनने, या माणसांच्या हालांवर लिहून बाहेरच्या जगाला जाग आणली. शेवटचे रुग्ण इथे १९४६ साली वारले.

मी हे सगळं बघत होते आणि काका एका फलकासमोर हलत नव्हते. तो फलक जंतूचा नव्हता, जंतू शोधणाऱ्या हॅन्सनचाही नव्हता. तो रजिस्टरचा होता. १८५६ साली नॉर्वेने देशातल्या प्रत्येक कुष्ठरोग्याची नोंद ठेवायला सुरुवात केली. नाव, गाव, घरातलं आणखी कोण आजारी, कधीपासून, आता कुठे आहे. एखाद्या रोगाची राष्ट्रीय नोंदवही जगात त्यापूर्वी कुठेच नव्हती. काका बोट ठेवून एकेक रकाना वाचत होते. "हे आमचं काम," म्हणाले. "हेच रकाने. हेच."

मग सांगायला लागले. सर्वेक्षणाला सकाळी जायचं, कारण चट्टा उजेडात दिसतो, दिव्याखाली फसवतो. फिकट, न खाजणारा, न दुखणारा. दुखत नाही म्हणून माणूस येत नाही, हाच त्याचा डाव. डोळे मिटायला सांगायचं, बॉलपेनच्या टोकाने हलकं टेकवायचं, आणि कुठे लागलं तिथे बोट ठेव म्हणायचं. बोट भलतीकडे गेलं किंवा गेलंच नाही, की रजिस्टर उघडायचं. आधी नुसत्या डॅप्सोनच्या गोळ्या, वर्षानुवर्षं. १९८२ नंतर तीन औषधांचा एमडीटीचा उपचार आला. एका औषधाने लघवी लाल होते, दुसऱ्याने कातडी काळवंडते. बायका म्हणायच्या, डाग परवडला पण हे काळं तोंड नको. त्यांची समजूत घालायला पुन्हा सायकल. पाकीट संपेपर्यंत खेपा घालायच्या.

हॅन्सनचं मोठेपणही या नोंदवहीतून सुरू होतं हे मला काकांमुळे उमगलं. त्याचा सासरा डॅनियलसन या रोगातला त्या काळचा सर्वांत मोठा तज्ज्ञ. सहकारी बोकबरोबर त्याने १८४७ साली ग्रंथ काढला आणि रोग आनुवंशिक ठरवला. जावयाने नोंदी तपासल्या, घरं तपासली, आणि रोग घरात फिरतो पण रक्तातून नव्हे असं त्याला वाटायला लागलं. १८७३ साली सूक्ष्मदर्शकाखाली काड्यांसारखे जंतू दिसले. माणसात जुनाट रोग घडवणारा जंतू म्हणून बोट दाखवता यावं असा हा पहिल्यांपैकी. पण सिद्ध कसा करणार? जंतू प्रयोगशाळेत वाढेना. प्राण्यांत रुजेना. मग त्याने एका रुग्ण बाईच्या डोळ्यात, तिला न विचारता, दुसऱ्या रुग्णाचं द्रव्य सुईने टोचलं. तिने तक्रार केली. १८८० साली बर्गनच्या न्यायालयाने त्याला दोषी ठरवून दवाखान्यातली जागा काढून घेतली. देशाचा कुष्ठरोगाचा मुख्य वैद्यकीय अधिकारी मात्र तोच राहिला.

मी म्हटलं, १८८० साली एका गरीब रुग्ण बाईच्या तक्रारीवरून एवढा मोठा डॉक्टर दोषी ठरतो, हे विशेषच. काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आम्ही तरी कुठं विचारत होतो जी. पदर सरकवा म्हणायचं, पाठ दाखवा म्हणायचं. चांगल्यासाठीच होतं. पण विचारलं नाही."

नॉर्वेतून हा रोग ओसरला तेव्हा त्यावर औषध नव्हतंच. १८७७ आणि १८८५ च्या कायद्यांनी रुग्णांना वेगळं ठेवलं, आणि त्याच काळात घरं सुधारली, पोटं भरायला लागली. श्रेय कोणाला किती द्यायचं यावर अजून वाद घालता येईल. काका पोटाच्या बाजूचे. इथले शेवटचे रुग्ण गेले तेव्हा वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांचं कुष्ठधाम उभं राहून दहा वर्षं झाली होती आणि बाबा आमट्यांचं आनंदवन अजून व्हायचं होतं. सेवाग्रामला कुष्ठरोगी परचुरेशास्त्रींची कुटी आहे, तिथे गांधीजी स्वतः त्यांच्या अंगाला मालीश करत. काका लहानपणी तिथे नेहमी जायचे. आणि १८९८ चा तो इंग्रजांचा कुष्ठरोग्यांना कोंडून ठेवणारा कायदा आपण रद्द केला २०१६ साली! हे मात्र मला इथे, नॉर्वेच्या पावसात उभं राहून, एका वर्धेकराकडून कळायला हवं होतं का?

बाहेर पडल्यावर कोपऱ्यावरच्या बेकरीत दालचिनीचे गोल पाव घेतले. स्किलिंग्सबोले, खास बर्गनचे. काकांनी अर्धा खाल्ला, अर्धा कागदात बांधला. संध्याकाळी शुगरची गोळी घेतल्यावर खाईन म्हणाले.

मग ट्रोल्डहॉगेन, एडवर्ड ग्रिगचं घर. खरं तर संगीतवाल्यांनी इथे दिवस काढावा, आम्ही पाऊण तासात उरकलं. १८८५ पासून तो इथे राहिला. तळ्याकाठी एक खोपटं आहे, त्यात बसून तो संगीत रचायचा. बंद काचेतून आत बघायचं: पियानो, मेज, कोच. माणूस एकशे बावन्न सेंटिमीटर उंच, म्हणून खुर्चीवर बीथोव्हेनच्या स्वरलिप्यांचं जाडजूड पुस्तक ठेवून त्यावर बसायचा. बाहेर त्याचा खऱ्या उंचीचा पुतळा आहे. त्याच्या शेजारी उभं राहून चिपळूणच्या ताईंनी फोटो काढला आणि आयुष्यात प्रथमच मी कोणापेक्षा तरी उंच दिसतेय म्हणाल्या. ग्रिग आणि त्याची बायको नीना यांच्या अस्थी कड्यातल्या एका कपारीत ठेवल्या आहेत, वर नावं कोरलीत. तिथवर जायला चिखल होता, म्हणून निम्मे गाडीत बसून राहिले.

(रात्री)

हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये ओल्या बुटांचा वास. प्रत्येक खोलीतून हेअर ड्रायरचा आवाज येतोय. यांनी बुटांत इथलं वर्तमानपत्र कोंबलं आहे. सांगलीला अखेर मृग लागला.

१५ जून, स्टाव्हांगरच्या वाटेवर

ढग फाटले. अर्थातच, आम्ही बर्गन सोडल्यावर.

हाल्हेम ते सांडविकवोग फेरी, पाऊण तासाची. गाडीसकट चढायचं, गाडी खाली, माणसं वर. कालचा किस्सा रात्रीत सगळ्या ग्रुपभर झाला होता. मी सांगितला नाही. यांनी सांगितला असणार, मोजे वाळवता वाळवता.

वरच्या सलूनमध्ये काका खिडकीशी चहा घेत बसले होते. पुण्याच्या काकू जवळून दोनदा गेल्या, तिसऱ्यांदा समोरच्या खुर्चीवर टेकल्या. इकडचं तिकडचं बोलल्या, वर्ध्याला ऊन फार का, वगैरे. मग बाही वर सारून हळू आवाजात म्हणाल्या, "हे जरा बघता का? मुलाला नाही दाखवलं अजून. उगाच घाबरेल."

काकांनी आधी विचारलं, "हात धरू का?" त्या हो म्हणाल्यावर हात उजेडाकडे वळवला, चष्मा कपाळावर नेला, मग खिशातलं बॉलपेन काढलं. "डोळे मिटा ताई. लागलं की तिथं बोट ठेवा." काकूंचं बोट बरोबर जागेवर पडलं. पुन्हा, पुन्हा. "शिबं आहेत ही," काका म्हणाले. "घरी गेल्यावर कातडीच्या डॉक्टरांना दाखवा, मलम देतील. घाबरायचं काही नाही." काकूंनी डोळे उघडले आणि पर्समधून खाकऱ्याचं पाकीट काढून त्यांच्यापुढे ठेवलं.

हे बघून गुजरातकडचं एक मराठी जोडपं उठलं. मग चिपळूणच्या ताई, पोटरीवर काहीतरी आहे म्हणून. त्यांच्यामागे, मला न सांगता, हे. कोपराचा कसला तरी डाग घेऊन, जो गेली वीस वर्षं मी रोज बघते आहे. काका प्रत्येकाला आधी विचारत, मग तपासत, आणि ज्याचं कळत नसेल त्याला सरळ सांगत की मला कळत नाही.

फेरी धक्क्याला लागायची घोषणा झाली तेव्हा तिघंजण अजून ताटकळत होते. टूर मॅनेजर डोकी मोजत आला, रांग बघून थबकला आणि म्हणाला, "मंडळी, गाडीत चला. उरलेल्यांचं पुढच्या फेरीवर."